गाल वर गेलेला मास्क

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी आडवी होते आणि त्याने माझ्या तोंडावर कोमट, ओलं प्लास्टिक पसरलं होतं. मेंदूत लाखात एखाद्याला होणारी गाठ, तिच्यावर तीस दिवस किरणांचे उपचार, आणि त्या वेळी डोकं जराही हलू नये म्हणून हा चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, अशी तंबी मिळाली होती.

"नाक खाजलं तर सांगा," टेक्निशियन गंभीरपणे म्हणाला, "मी माझं खाजवून घेईन."

मला हसू आलं... आणि नेमका तेव्हाच मास्क घट्ट झाला.

झालं. वर गेलेले गाल तसेच राहिले. डॉक्टरबाईंनी त्याला फैलावर घेतलं, दुसरा करा म्हणाल्या. हट्टाला पेटले ती मीच. आजार कळल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते, ते हसू मला मोडायचं नव्हतं. बाईंनी मास्क लावून, फोटो काढून सगळं तपासलं. बसत होता नीट – फक्त रोज अस्संच हसावं लागणार होतं.

मग रोज सकाळी तो मास्क लावायचा, मी हसायचे, आणि तो क्लिपा उगाचच दोनदा तपासायचा. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. मुलगा फारच काळजी घेणारा दिसतो, असं म्हणून ती मासिकात डोकं खुपसायची.

अठराव्या दिवशी उशीवर केसांचा पुंजका दिसला. त्या दिवशी गाल काही वर जाईनात, मास्क बसेना. तो समोर उभा राहिला आणि अगदी शांतपणे त्याने स्वतःचं नाक खाजवलं. मास्क बसला. मी प्रेमात पडले ती तेव्हाच, आता सांगायला कसली लाज?

शेवटच्या दिवशी वाटलं, बोलेल. त्याने मास्क माझ्या हातात दिला. "तीन महिन्यांनी स्कॅन होईपर्यंत तुमचे उपचार चालूच आहेत. तोवर..." एवढंच म्हणाला. ते अर्धं वाक्य मी तीन महिने जपून ठेवलं.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आईने डॉक्टरबाईंचे हात धरले ते सोडेचना. त्या बाईंचे, त्या घरघरणाऱ्या यंत्राचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या क्षणी मी रिपोर्ट घेऊन धावले ती थेट मास्कच्या खोलीत.

त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि पाठ फिरवली. खांदे हलत होते. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"नाक खाजतंय का? सांग. मी माझं खाजवून घेते."

तो रडता रडता हसला. "अहो-जाहो संपलं वाटतं?"

"उपचारही संपले. ते वाक्य पुरं कर."

"करतो. पण हलू नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल."

मी हलले नाही.

"तू मला पहिल्या दिवसापासून आवडतेस," तो म्हणाला.

माझे गाल केव्हाच वर गेले होते.