विमलाबाईंचं बोलावणं

भोगीच्या दुपारी कुरियरवाला कसबा पेठेतल्या पद्मजाताईंच्या हातात तिळगुळाचा डबा ठेवून गेला. पाठवणारा केदार, त्यांच्या भावाचा मुलगा. नोकरी सोडून त्याने यंदा घरगुती तिळगुळाचा धंदा काढला होता, तेव्हा आत्याला पहिला मान. ताईंनी कौतुकाने झाकण उघडलं, वरचं कार्ड उचललं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

कार्डावर त्यांच्या आईचं अक्षर होतं.

आई, म्हणजे विमलाबाई, जाऊन वीसेक वर्षं झाली. हयात असेपर्यंत दर संक्रांतीला त्या ओळखीपाळखीत झाडून सगळ्यांना पोस्टकार्डं लिहायच्या. त्यातली उरलीसुरली ताईंच्या माळ्यावर एका पेटीत होती. दिवाळीत माळा आवरायला आलेल्या केदारने न विचारता एक उचललं असणार, आणि आता ते गुळगुळीत कागदावर छापून डब्याडब्यात घातलं होतं.

‘सप्रेम नमस्कार. सोबत तिळगूळ आहे. संक्रांतीला दिवेलागणीला मी स्वतः येते. रथसप्तमीच्या आत तुम्हीही आमच्याकडे यायचं. सबब चालणार नाही. आपली, विमला.’

वर नाव घालायला एक रेघ. आत्याच्या कार्डावर ती रिकामीच होती. तेवढेही कष्ट साहेबांनी घेतले नव्हते.

आईचं अक्षर म्हणजे काय दुकानाची पाटी? ताईंनी तडक फोन लावला.

“किती जणांना पाठवलंस हे?”

“दोनशेच्या वर! आत्या, लोकांना वाचून रडू येतंय.”

“मलाही येतंय. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळव, हे बोलावणं खरं नाही म्हणून.”

“अगं, कार्ड आहे ते. खरं कोण मानतंय?”

‘जिने लिहिलं ती,’ असं ताईंच्या ओठांवर आलं; पण त्याने फोन ठेवला होता.

रात्रभर ताईंचा डोळा लागला नाही. आई एकदा लिहिलं की मोडत नसे. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये असताना रिक्षा करून ती घरोघर जाऊन आली होती. आणि उलटभेट चुकवणाऱ्याची धडगत नसायची. रोज संध्याकाळी ती त्या घरच्या दारात जाऊन उभी राहायची, तोंडातून अवाक्षर न काढता, बाई निमूट चपला घालून निघेपर्यंत. सासूच्या नावाच्या कार्डावर सून आली तर तिला पाणीही न विचारता परत पाठवायची. लहानपणी ताईंना या हट्टाची लाज वाटायची. आज वाटत होती ती निव्वळ भीती.

संक्रांतीला गुळाच्या पोळ्या बांधून त्या कात्रजला निघाल्या. केदार समोर असला की त्याला ऐकावंच लागणार होतं. पण बस स्वारगेटला अडकली ती अडकलीच, आणि ताई पोचल्या तेव्हा सोसायटीत दिवे लागून गेले होते.

पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तोच भाजलेल्या तिळांचा खमंग वास आला. त्याच्या तळाशी दुसराही एक होता, पाणी मारलेल्या राखेचा. ताई तिथेच थबकल्या. हा वास त्यांनी आधी एकदाच घेतला होता, आईच्या वेळी, वैकुंठ स्मशानभूमीत.

केदारने हसत दार उघडलं. “आत्या, हे तूच केलंस ना? भारीच आयडिया! मेसेज बघ गिऱ्हाइकांचे. नऊवारीतल्या आजी स्वतः येऊन तिळगूळ देऊन गेल्या म्हणे.”

“कुणाकडे?”

“कोथरूड... हडपसर... विश्रांतवाडी...” तो एकेक मेसेज वर सरकवत राहिला आणि त्याचं हसू मावळलं. “आत्या... हे सगळे एकाच वेळचे आहेत.”

आत त्याची सात वर्षांची स्वराली सोफ्यावर पाय सोडून बसली होती. एक मूठ घट्ट मिटलेली. तिची आई, कादंबरी, हळदीकुंकवाला माहेरी गेली होती.

“इथेपण आली होती आजी,” स्वराली म्हणाली. “बाबा आत डबे भरत होता ना, तेव्हा.”

तिने मूठ उघडली. हलव्याचे दाणे होते, पण राखाडी. ताईंनी एकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. इतक्या वेळ मुठीत राहूनही तो बर्फासारखा गार होता.

“तुझ्याकडे कशाला येईल ती? तुला कुठे कार्ड होतं?”

केदारने फ्रिजकडे पाहिलं. चुंबकाखाली एक कार्ड लटकत होतं, वरच्या रेघेवर त्याच्या अक्षरात ‘चि. स्वराली’. “नमुन्याचं होतं गं... गंमत म्हणून तिचं नाव घातलं.”

“गंमत!” ताई कडाडल्या. मग पोरीसमोर गुडघे टेकून बसल्या. “बाळा, आजी काय म्हणाली?”

“आमच्याकडे येशील ना, म्हणाली. मी हो म्हटलं.” स्वराली जांभई देत म्हणाली. “घर लांब आहे, तुला सापडायचं नाही, मीच न्यायला येते, म्हणाली.”

तेवढ्यात कडी वाजली. जुन्या दाराची, लोखंडी, खणखणीत. केदारच्या दाराला कडी नव्हती.

“उघडू नकोस,” ताई पुटपुटल्या.

कडी पुन्हा वाजली. स्वराली सोफ्यावरून उतरली आणि शाळेला निघाल्यासारखी दाराकडे चालू लागली. ताईंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं, केदारच्या अंगावर लोटलं आणि स्वतः दाराला पाठ लावली. भीती होतीच, पण तिच्यावर आता राग चढला होता.

“आई! लेकरू आहे ते. तिने तुझं काय वाईट केलंय? हे बोलावणं तू धाडलेलंच नाहीस, तुझ्या नावावर दुसऱ्याने धंदा मांडलाय. न दिलेला शब्द कसला पाळतेस?”

पलीकडे काही हललं नाही. राखेचा वास मात्र दाट झाला.

ताईंनी झटक्यात जाऊन फ्रिजवरचं कार्ड ओढलं. ‘चि. स्वराली’वर काट मारली, शेजारी ‘पद्मजा’ लिहिलं आणि कार्ड दाराच्या फटीतून बाहेर सरकवलं.

“घे. माझ्या नावाचं झालं. मी येते... पोरीला सोड.”

कार्ड अर्धवट बाहेर जाऊन थांबलं. मग पलीकडून कुणीतरी ते सावकाश ओढून घेतलं.

ताई देवाचं नाव घेत उभ्या होत्या. मागे स्वराली रडू लागली, घाबरलेल्या पोरीसारखी, जिवंत, मोठ्याने, आणि त्या रडण्याने ताईंचा जीव भांड्यात पडला.

आणि कार्ड फटीतून परत आत आलं.

‘पद्मजा’ नीट, पट्टी धरल्यासारखं खोडलेलं होतं. खाली त्याच तिरप्या, ओळखीच्या अक्षरात नवीन नाव होतं, शाई अजून ओली. ‘चि. केदार.’

ताईंनी ते मुठीत चुरगाळलं. त्याच्या नजरेला पडायला नको, एवढंच त्यांना सुचलं. पण मागून केदारचा आवाज आला, अगदी शांत, बाजारात निघाल्यासारखा.

“आत्या, माझ्या चपला कुठे गेल्या गं? आजी दारात थांबलीय.”