गंधकाचा थिजलेला नळ

“माझा नवरा कामावर झोपत नाही! आणि कारखान्याच्या फाटकावर तसं लिहून लावलंय त्यांनी, अख्ख्या गावाने वाचावं म्हणून!”

आलेल्या बाईने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच हे सुनावले. ती शाळेत शिक्षिका होती. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवण्याची सवय होती. वकिलाने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

वकील हा मावशींचा सख्खा भाचा. खासगी तपासाचा व्यवसाय मावशींचा. भाच्याची वकिली त्या व्यवसायाचा पदर धरून चालत असे. मावशींनी नुसता हात वर केला आणि शिक्षिका शांत झाली.

“पहिल्यापासून सांग.”

तिचा नवरा रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता. वितळलेला गंधक नळातून टँकरमध्ये भरणे हे त्याचे काम. काल सकाळी, पाहुण्यांची फेरी चालू असतानाच, तो नळ फुटला. उकळता गंधक उडाला, पेटला. त्याची पाठ भाजली. धुराने घसा बंद झाला. डॉक्टरांनी त्याला गुंगीत ठेवले होते.

“ते म्हणतात, यानेच डुलकीच्या भरात नळ गरम ठेवणारी वाफ बंद केली, नळ थिजला, आणि चूक झाकायला, गंधक वितळवायला म्हणून, यानेच नळाला गॅसची बत्ती लावली. आज सरकारी निरीक्षक येणार. त्यांनी हे मान्य केलं की हा खाटेवरून थेट तुरुंगात! स्वतःची बाजू मांडायला त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीये, बाई.”

“हात भाजलेत? चेहरा?”

“नाही. फक्त पाठ.”

मावशी उठल्या. “वकीलसाहेब, वहाणा घाला.”

कारखान्याचे आवार आरशासारखे लख्ख होते. वाटेच्या कडेने नळांची रांग होती आणि त्यांच्याखाली सिमेंटचा कठडा, नुकताच पांढरा रंगवलेला. प्रत्येक नळाला वाफेची एक बारीक नळी बिलगलेली. दोघांवर मिळून लोकरीचे वेष्टण आणि वर पत्रा. बारीक नळीच्या टोकाला निचऱ्याची तोटी. त्या सगळ्या तोट्यांतून कढत पाणी ठिबकत होते. थेंब नेमके कठड्यातल्या वाटीएवढ्या खळग्यांत पडत होते. खळगेही आतून पांढरेशुभ्र होते.

“छान ठेवलंय,” वकील म्हणाला.

“फारच छान,” मावशी म्हणाल्या आणि एका खळग्यापाशी वाजवीपेक्षा जास्त वेळ वाकून उभ्या राहिल्या.

फुटलेला नळ रांगेतच होता. त्याच्या मधोमध पत्रा व्यवस्थित उघडून बाजूला ठेवला होता. तिथे नळ काळा पडला होता आणि त्याच जागी उभा चिरला होता. दोन्ही बाजूंना पिवळा गंधक दगडासारखा घट्ट बसला होता.

पहिला भेटला बॉयलरवाला. उघडा, घामाने निथळणारा, तोंडाने फटकळ.

“वाफ कमी पडली म्हणणाऱ्याला माझ्यासमोर आणा! दाबाचा काटा जागचा हलला नाही. उलट परवा संध्याकाळपासून बॉयलर उपास केल्यासारखा वागत होता. जळण कमी, पाणी कमी. म्हटलं, बाबा, तुला झालंय तरी काय?”

“आणि आता?”

“काल नळ फुटल्यावर पुन्हा खायला लागला, पूर्वीसारखा.”

वकील मावशींच्या कानाशी लागला. “म्हणजे वाफ कुणीतरी बंद केली होती. मावशी, हे तर ऑपरेटरच्याच अंगाशी येतंय.”

“तू त्याचा वकील आहेस की त्यांचा?”

फोरमनने टोपी कपाळाखाली ओढली होती. गुळगुळीत, भाव ओळखता न येण्याजोगा चेहरा. वकिलाला तो कोऱ्या पाटीसारखा वाटला. का, ते मात्र त्याला उमगले नाही.

“मी तेव्हा कँटीनमध्ये होतो,” फोरमन जमिनीकडे बघत म्हणाला. “आवाज ऐकून धावलो. तो पडलेला, बत्ती शेजारी. वाफेचा व्हॉल्व्ह त्यानेच बंद केला असणार.”

“असणार? बघितलात का बंद?”

“म्हणजे... साहेब म्हणाले.”

“तुमची त्याची ओळख किती?”

“शेजारी राहतो आम्ही.” त्याने टोपी आणखी खाली ओढली. “वहिनींना सांगा, मला वाईट वाटतं.”

“वाईट वाटणं स्वस्त असतं,” मावशी म्हणाल्या.

मॅनेजर मात्र प्रसन्न होते. “अहो, किती तयारी केली होती मी! मुख्य कार्यालयातले पाहुणे येणार, म्हणून परवा संध्याकाळी उभं राहून आवार रंगवून घेतलं. कुठे थेंब नाही, वाफेचा ढग नाही. टँकर भरताना दाखवणार होतो, आणि या माणसाने माझं नाक कापलं.”

“परवा ऑपरेटर कामावर होता?”

“परवा त्याची सुट्टी होती. काल सकाळी आला आणि येताच दिवे लावले!”

“निरीक्षक आले की सगळ्यांना नळापाशी बोलवा,” मावशींनी फर्मावले. मॅनेजर हुकूम ऐकण्याच्या सवयीचे नव्हते. तरी त्यांनी मान डोलावली.

निरीक्षक आले. मॅनेजर, फोरमन, बॉयलरवाला आणि शिक्षिका नळाभोवती जमले.

“वाफ नळाला ऊब देते ती कशी?” मावशींनी सुरुवात केली. “स्वतः पाणी होऊन. ते पाणी बाहेर गेलं तरच मागून नवी वाफ येते. म्हणून शेवटी ही तोटी. ती बंद केली की बारीक नळी पाण्याने भरते आणि गार पडते. व्हॉल्व्ह सताड उघडा असला तरी!”

“तोट्या उघड्याच आहेत,” मॅनेजर म्हणाले. “दिसतंय की.”

“आज दिसतंय. हे खळगे बघा. वर्षानुवर्षं कढत पाण्याने कोरलेत. आणि तळाशी रंग बसलाय, एकही फोड नाही. ओल्या, तापलेल्या सिमेंटवर असा रंग बसेल? रंगवताना आणि वाळताना इथे थेंब पडत नव्हता. एका नव्हे, रांगेतल्या प्रत्येक तोटीखाली! एक व्हॉल्व्ह बंद केल्याने एकच खळगा कोरडा पडला असता, आणि बॉयलरला त्याचा पत्ताही लागला नसता. परवा संध्याकाळी अख्खी रांग बंद झाली, म्हणून बॉयलरचा उपास. आणि परवा ऑपरेटर सुट्टीवर होता. रंगवून घ्यायला उभे होते हे साहेब. यांना थेंब नको होता, ढग नको होता!”

“पण बाकीचे नळ कसे थिजले नाहीत?” वकिलाने विचारले. विरुद्ध पक्ष हे विचारणार हे त्याला कळत होते.

“त्यातला माल गारठ्याने दाट होतो. गंधक दगड होतो.”

निरीक्षक वाकून खळगे पाहू लागले. मॅनेजरच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता मावळली. “ठीक आहे, तोट्यांचं असेल तसं. पण बत्ती? मधोमध तापवला की आतला गंधक वितळून फुगतो, दोन्हीकडे दगड, जायला वाट नाही. तो मूर्खपणा त्याचाच!”

“मूर्खपणा खराच. पण बत्ती धरणारा नळाकडे तोंड करून उभा असतो. त्याचे हात जळतील, चेहरा जळेल. याची पाठ जळली. म्हणजे हा नळाकडे पाठ करून, दुसऱ्या कुणाच्या तरी आडवा उभा होता.” मावशी वळल्या. “फोरमन, टोपी काढा.”

टोपी निघाली. वकिलाला आता उमगले: त्या चेहऱ्यावर भुवया नव्हत्या. पापण्यांचे केस जळून आखडले होते.

“कँटीनमधला चहा इतका गरम असतो?” मावशींचा आवाज चढला. “माणूस तुला ढकलायला धावतो, तुझ्यावर यायची आग अंगावर घेतो. तुझ्या भुवया गेल्या, त्याची पाठ गेली. आणि तो बोलू शकत नाही म्हटल्यावर तू त्याच्याच माथी खापर फोडतोस? लाज नावाची वस्तू असते, बाबा!”

फोरमन मटकन खाली बसला. “साहेब म्हणाले, पाहुणे नळाकडेच निघालेत, काहीही कर पण गंधक चालू कर. तो ओरडत होता, मधे नको, टोकाकडून तापव. मी ऐकलं नाही. नंतर साहेबांनी माझ्याकडून तोट्या उघडून घेतल्या. म्हणाले, तो काही वाचत नाही.”

“वाचत नाही?” शिक्षिका एक पाऊल पुढे आली.

मॅनेजर तिच्याकडे वळले. “बाई, समजून घ्या. कारखान्याच्या अब्रूचा प्रश्न होता.”

“आणि माझ्या नवऱ्याच्या अब्रूने तुम्ही आवार पुसून काढलंत!”

निरीक्षकांनी मॅनेजरना कार्यालयाकडे चालण्याची खूण केली. फोरमन हात जोडून उठला. “वहिनी, मी आत्ता दवाखान्यात येतो. त्याचे पाय धरतो.”

“पाय धरायला तो जागा तरी आहे का?” ती म्हणाली. भोंगा झाला, पाळी बदलली आणि कामगारांचे घोळके फाटकाकडे निघाले. तिने तिकडे बोट दाखवले. “आधी तिथे चला. ते लिहिलेलं स्वतःच्या हाताने फाडा, आणि आत्ता इथे जे बोललात ते त्यांच्यासमोर बोला. मोठ्याने. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.”

फोरमन तसाच, उघड्या डोक्याने, फाटकाकडे चालू लागला. ती त्याच्या मागोमाग होती.