किरणच्या नावाने चालणारं काम

ही गोष्ट खरी आहे. मनाने रचली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत मी डेटाबेस सांभाळते. किरण माझा सहकारी, पळसदरीचा. दर रविवारी संध्याकाळी डेटाबेसची साफसफाई आपोआप चालायची. तिच्यासाठी वेगळा रोल, म्हणजे फक्त त्या कामापुरतं खातं, काढून मोजक्याच परवानग्या द्यायला हव्या होत्या. पण एवढा खटाटोप कोण करतो? काम किरणच्याच नावाने लावलं, सगळ्या परवानग्यांसकट.

काम संपलं की तो घरी निघे, आणि त्याच्या आईला, छायामावशींना, आपोआप मेसेज जाई. 'काम झालं.' त्यांना वाचता यावा म्हणून त्याने मराठीत लिहिलेला. मेसेज आला की त्या भात टाकत.

एका रविवारी मेसेज गेला, भात शिजला...

किरण पोचलाच नाही. चौक गावाजवळ त्याच्या बाईकला डंपरने उडवलं.

मेसेज मात्र येत राहिले.

"मावशी, तो कंप्युटर पाठवतो," मी सांगितलं.

"ठावं हाय गं. पन भात टाकावासा वाटतो."

मग तपासणी आली. गेलेल्या माणसाच्या नावाने काम चालतंच कसं, म्हणून साहेब खेकसले. मी नवा रोल काढला. किरणचं खातं बंद केलं, मावशींचा नंबरही काढला. फार रडू आलं.

त्या रविवारी काम नव्या रोलने नीट पार पडलं. मी निघणार...

फोन वाजला.

"रोहिणे, मेसेज आलाय. पन निराळाच हाय... 'परवानगी नाही'."

काम अडलं तरच जाणारा मेसेज होता तो.

मी नोंदी उघडल्या. किरणच्या नावाने कुणीतरी आत यायला बघत होतं.

पुन्हा...

पुन्हा...

शेजारची त्याची खुर्ची रिकामी होती.

"तुमी अडवलंय का गं त्याला?" मावशी अजून फोनवरच होत्या. "करू द्या की काम. त्याबिगर पोरगा घरी कसा निघंल?"

मी किरणचं खातं परत उघडलं. फक्त आत येण्याची परवानगी दिली, दुसरी कसलीच नाही. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

रविवारी मी त्या खुर्चीकडे बघत नाही.

मावशींचा नंबर मी परत घातलेलाच नाही. तरी त्यांना मेसेज जातो...

'काम झालं.'

मावशी दोघांचा भात टाकतात.