प्रवाहाविरुद्ध

नरहरअण्णांचा डावा पाय सकाळपासून गार पडत चालला होता. संगीत नाटकांत पायपेटी वाजवण्यात त्यांची हयात गेली; आता सांगलीच्या शस्त्रक्रियागृहात त्यांना पायाचा अंगठा हलवता येत नव्हता. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी पायाच्या धमनीत अडकली होती.

डॉ. किल्लेदारांची रीत जुनी. जांघेतून धमनीत बारीक नळी सरकवायची, टोकाचा फुगा फुगवायचा आणि गुठळी ओढून काढायची. अण्णांच्या संशोधक लेकीला, शाल्मलीला, ते पुरेसं वाटेना. गुठळीचं मूळ हृदयातच राहिलं, तर उद्या दुसरा पाय जाईल. तिने घडवलेले प्रतिप्रवाही कण गुठळी विरघळवत आणि मग रक्ताच्या धारेविरुद्ध पोहत उगमापर्यंत जाऊन तिथलं मूळही विरघळवत.

"आधी हृदयाची प्रतिमा येऊ दे," किल्लेदार म्हणाले.

"तोवर पाय मरेल, सर."

अखेर किल्लेदारांनी मान डोलावली. फक्त जांघ बधिर केली होती, त्यामुळे अण्णा जागेच होते. कण सोडल्यावर थोड्याच वेळात तळवा गुलाबी झाला.

"शालू, ऊब आली गं," अण्णा हसले. अंगठा हलू लागला.

तेवढ्यात पडद्यावर प्रतिमा उमटली. नकळत येऊन गेलेल्या झटक्याने हृदयाची भिंत फाटली होती आणि त्या भोकाला बूच बनून बसली होती एक मोठी गुठळी. पायात आला होता तो तिचाच तुकडा. कण आता तिच्याकडेच निघाले होते; ते बूच विरघळलं, तर अण्णा वाचणार नव्हते.

किल्लेदारांनी विचारलं, कणांना परत बोलावता येईल का?

"नाही. त्यांना फक्त प्रवाह कळतो. रक्त थांबलं, तरच ते थांबतात."

शाल्मली म्हणाली. म्हणजे पायाची धमनीच बांधायला हवी. कण दोन दिवस जगतात. रक्ताविना पाय सहा तासही जगत नाही.

तिने अण्णांच्या कानाशी वाकून सारं सरळ सांगितलं. अण्णांनी विचारलं,

"कण जांघेपर्यंत यायला किती वेळ?"

"तीन-चार मिनिटं."

"मग एक अंतरा होऊ दे. गाणारा समेवर येईपर्यंत आम्ही पाय थांबवत नसतो."

ते गुणगुणू लागले. चादरीखाली पाऊल लयीत हलत होतं. किल्लेदार जांघेतल्या धमनीभोवती दोरा धरून उभे होते. समेवर अण्णांनी स्वतःच मान हलवली.

दोरा आवळला गेला. पाऊल मात्र त्यानंतरही थोडा वेळ हलत राहिलं.