चौथी दुनळी

सन नव्वदच्या निवडणुकीत, दोंडाईच्याच्या पोलीस ठाण्यासमोर, आम्ही दोघं एकाच वेळी शिंकलो. तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्याकडे माघात मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात. वारा फिरला की अख्खं गाव शिंकतं. त्या दिवशी बंदुका जमा करायची रांग होती. निवडणूक आली की लायसन्सवाल्यांनी आपापली बंदूक ठाण्यात ठेवायची, निकाल लागला की घरी न्यायची. माझे वडील वना मिस्त्री, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते लिंबाखाली धाप टाकत बसले होते. गोधडीच्या खोळीतली बंदूक त्यांच्या मांडीवर होती. मी रांगेत त्यांची जागा धरून उभी होते.

माझ्या पुढचा तरुण वळला. डोळ्यांत मिरचीचं पाणी, ओठांवर हसू.

"दोन शिंका एकदम. शुभ की अशुभ?"

"मिरची चांगली आहे, एवढंच," मी म्हणाले.

तो आणखी हसला. त्याच्या खांद्यावर तीन खोळी होत्या. तीन! त्याच्या पलीकडे कायदा एका लायसन्सवर बंदूक ठेवू देत नाही. मला वाटलं, असेल कोणी मिजासखोर. तेवढ्यात त्याचा नंबर आला आणि झुलाल हवालदाराने खोळी उघडल्या.

पहिली निघाली जुनी विलायती. दुनळी, वरती दोन घोडे, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. दुसरी तशीच, पण नवी. आणि तिसरीही... मी वाकून पाहिलं. त्या दोन्ही आबांनी घडवलेल्या होत्या. आबा ज्याच्या हाताखाली शिकले त्या नथ्थू उस्तादाच्या दुकानात कधीकाळी आलेली विलायती बंदूक आबांनी सुताने मोजून ठेवली होती, आणि त्याच मापाच्या नव्या त्यांनी केल्या. चापाच्या वरच्या लोखंडी पाटीवर इंग्रजी वेल होती, मुळाबरहुकूम. फक्त एका वळणात, पानाआड, एका पाटीवर कपाशीचं पातं होतं, फुलाआधीची कळी. दुसरीवर कपाशीचं फूल.

ते पातं मी सतराव्या वर्षी कोरलं होतं. फूल एकोणिसाव्या.

"जपून, झुलालभाऊ," तो तरुण म्हणाला. "बाळंतिणीला उचलतात तशी उचला. हे काम परत होणार नाही. नक्षी कोरणारा नथ्थू उस्ताद गेला."

"नक्कल तर आहे," हवालदार म्हणाला.

"नक्कल असली म्हणून काय झालं? जुन्या विलायती राजेरजवाड्यांकडे ढिगाने आहेत. आपल्या माणसांनी बघून, मोजून केलेल्या अशा किती? त्या कोणी जपत नाही. मी जपतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणी सांगितलं उस्तादाने कोरलंय म्हणून?"

तो वळला. यावेळी हसला नाही. "मग कोणी?"

मी पदर सावरला आणि आबांना हाक मारली. आबांनी बंदूक आणली, झुलालभाऊंनी खोळीलाच चिठ्ठी बांधली, आबांनी सही केली. त्या तरुणाचे डोळे खोळीवरून हलेनात.

"वनाआबांची स्वतःची ना? हिच्यावर काय आहे हो? मी पातं पाहिलं, फूल पाहिलं..."

"शेतकरी आहात ना?" मी म्हणाले. "फुलानंतर काय येतं?"

"बोंड," तो हळूच म्हणाला. "उकललेलं?"

"निवडणूक झाल्यावर बघा."

त्याचं नाव अभिमन. नरडाण्याजवळचा, कपाशी पिकवणारा. आता त्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही, तेव्हा मनातही घेताना लाजले होते.

दोन दिवसांनी तो आमच्या दुकानात आला. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे यायचं आणि बंदुका तर ठाण्यात! म्हणून अडकित्ता घेऊन आला.

"ढिला झालाय."

मी दोन बोटांनी चालवून पाहिला. लोण्यासारखा चालत होता. "कोणी सांगितलं?"

"आमच्या घरात सुपारी कोणी खात नाही, म्हणून... कळलं नाही नीट."

मी अडकित्ता ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी तो कुलूप घेऊन आला. म्हणे, उघडत नाही.

"किल्ली?"

"घरी राहिली."

"मग कसं उघडेल?"

"तेच म्हणतो मी."

पुढच्या खेपेला स्टोव्ह आला. आतून आई म्हणाली, चांगलं ऐकू जाईल असं, "ह्याना घरमा एक वस्तू धड नई. ह्याले पोर कोन दी?" अभिमनचे कान मिरचीसारखे झाले.  आबा मात्र माझ्याकडे पाहत होते.

तो बसायचा आणि आबांना बंदुकांबद्दल विचारायचा. कोणत्या गावात कोणत्या कारागिराने कशी घडवली, घोड्याचा बाक कसा, दस्त्याला कोणतं लाकूड. अशा जुन्या मापाने नव्या घडवलेल्या बंदुका पाहायला तो कुठे कुठे फिरला होता. एक हाती आली की दुसरी सोडावी लागायची, कारण लायसन्सवर तीनच. सोडली नाही ती फक्त आजोबांची विलायती. "आजोबांनी मला बोट धरून चालवलं ते एका हाताने. दुसऱ्या हातात ती होती," तो म्हणायचा.

एकदा त्याने खिशातून घडीचा कागद काढला. बंदुकीच्या पाटीवर कागद धरून वरून पेन्सिल घासलेली, नक्षी जशीच्या तशी उठलेली. माझं फूल. त्याच्या छातीजवळच्या खिशात, घडी घालून.

"बंदुका ठाण्यात आहेत ना," तो म्हणाला. "करमत नाही."

मी खाली मान घालून कानस चालवत राहिले. कशावर चालवत होते, आठवत नाही.

त्याचा अडकित्ता मी सातव्या दिवशी परत दिला. त्याने हातात घेतला, उन्हाकडे फिरवला... आणि थांबला. मुठीवर, खिळ्याशेजारी, तांदळाएवढं पातं होतं. त्याने कागद काढून शेजारी धरला. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या पेराला कोरायच्या कलमाने पडलेला घट्टा होता, तो झाकायला मी विसरले होते.

अभिमनने स्वतःच्या कानाची पाळी धरली. गुरूचं नाव घेताना धरतात तशी.

"उस्ताद जिवंत आहे तर."

माझे डोळे भरले. सात वर्षं मी लोखंड कोरत होते. घरच्यांखेरीज कोणी माझ्या हाताला ओळखलं नव्हतं.

"का लपवलं?"

"पोरीने कोरलेली बंदूक कोण घेईल? आबा म्हणाले, उस्तादाचं नाव राहू दे. आणि..." मी कलम पुसत राहिले. "एक स्थळ आलंय. चांगली माणसं आहेत. अट एकच, पोरीने लोखंडाला हात लावायचा नाही. आबांची धाप वाढतेय, दुकान बंद होणार. होळीला ते होकार कळवतील."

"आणि तुम्ही?"

"मला कोण विचारतंय?"

त्याने अडकित्ता खिशात ठेवला. चहा तसाच सोडून निघून गेला. त्यानंतर आला नाही. स्टोव्ह आमच्याकडेच राहिला. आई रोज त्याच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

निकाल लागला. होळी चार दिवसांवर होती. बंदुका परत न्यायला पुन्हा ठाण्यासमोर रांग लागली. आबा पुढे, मी मागे. अभिमन लिंबाखाली उभा होता. आमच्याकडे आला, पण माझ्याकडे न बघता आबांना वाकून नमस्कार केला.

"आबा, तुमची बंदूक मला द्या. तिसरी. मी जागा करतो. आजोबांची विलायती सोडतो."

 झुलालभाऊंच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली. "डोकं फिरलं का रे तुझं? खरी सोडून नक्कल घेतोस?"

"झुलालभाऊ, विलायतेत तशा शंभर असतील. अशी ही एकच आहे."

आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नक्षी कोनी शे, माहीत शे का तुले?"

"माहीत आहे, आबा. पण मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगायचं."

आबा ठाण्याच्या खांबाला टेकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला वाटलं धाप लागली. पण आबांनी झुलालभाऊंपुढची आपली खोळ ओढून तिची गाठ सोडली, बंदूक बाहेर काढली आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी उन्हात धरली. इंग्रजी वेलीच्या पोटात कपाशीचं बोंड, चार पाकळ्यांनी उकललेलं, आतला कापूस फुलून वर आलेला.

"बठ्ठा ऐका," आबा सगळ्यांना म्हणाले. आवाज कापत होता, पण मोठा होता. "हाई नक्षी नथ्थू उस्तादनी नई. मन्ही पोरनी शे. धुरपदानी."

 मग झुलालभाऊ मोठ्याने शिंकले आणि सगळी रांग हसली. लोक पुढे सरकले, पाटीवर वाकले. एक म्हातारे शेतकरी बोंडावर बोट फिरवून म्हणाले, "कापूस वेचाले हात लांबस हो." एवढा मान मला आयुष्यात परत कोणी दिला नाही.

अभिमन बाजूला उभा होता. आता माझ्याकडे बघत होता. त्याच्या हाताशी आजोबांची विलायती, खोळीत. 

"ती सोडायची नाही," मी म्हणाले. रांगेसमोर, बापासमोर. कुठून धीर आला देव जाणे.

"मग ही कुठे ठेवू? लायसन्सवर तीनच..."

"तुमच्या लायसन्सवर तीन. माझ्या नावावर तर एकही नाही."

त्याला कळलं नाही.

"आबांची ही बंदूक मी माझ्या नावावर करून घेईन. वारस आहे मी. लायसन्स माझं, बंदूक माझी. आणि जिथे मी जाईन तिथे ती येईल. आता मी कुठे जायचं, ते..."

 मी लिंबाकडे पाहू लागले. लिंबाला नवी पालवी फुटली होती, ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"आबा," अभिमनचा आवाज घोगरा झाला होता, "आमच्या घरी भिंतीवर तीन खुंट्या आहेत. चौथी मी आज ठोकतो. तुम्ही हो म्हणा."

आबा हसायला लागले, हसताना खोकले, खोकताना पुन्हा हसले. "ठोक. पन मन्ही बी एक अट शे."

"सांगा."

"पोरने लोखंडले हात लावनाच. रोज."

होळीला आबांनी त्या चांगल्या माणसांना नम्रपणे नकार कळवला. वैशाखात आमचं लग्न झालं. स्टोव्ह रुखवतात ठेवला होता. आईची कल्पना.

लायसन्सला मात्र वर्ष लागलं. धुळ्याला कचेरीत कितीदा गेलो. शेवटच्या दिवशी कारकुनाने न विचारताच शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. "अंगठा उठवा, बाई."

मी पॅड परत सरकवला. तोवर मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अभिमनने कागदावर माझं नाव काढून दिलं होतं आणि ती चार अक्षरं मी आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरून शिकले होते, मग कागदावर. कलमाची सवय असलेल्या हाताला पेन फारच हलकं लागलं. कागद फाटेल म्हणून दम धरून लिहिलं. कारकून वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "अक्षर छापल्यासारखं आहे की."

"कोरल्यासारखं," अभिमन मागून म्हणाला.

बाकीची अक्षरं पुढे शिकले, हळूहळू, पोरांच्या पुस्तकांतून. पण ती चार पहिली.

खंडेनवमीला आमच्याकडे चारही बंदुका सतरंजीवर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं. नातेवाईक येतात, अभिमन एकेक उचलून दाखवतो. पातं, फूल. मग आजोबांची विलायती. आणि दरवर्षी, पूजा झाली की माझ्यापुढे कलम धरतो.

"हिच्यावरही एक पातं काढ की."

"नको. ती विलायतेची. तिला तिची वेल असू दे."

"मग तुझ्या या तिघींना नक्कलच म्हणायचं?"

तो मुद्दाम विचारतो, मला ठाऊक आहे. मी चौथी दुनळी उचलते आणि पाटी उजेडाकडे फिरवते. तिथे उकललेलं बोंड आहे आणि त्याच्या खाली, लायसन्स हातात आलं त्या दिवशी कोरलेली चार अक्षरं.

"वाचा," मी म्हणते.

आणि तो वाचतो. दरवर्षी, सगळ्यांसमोर, मोठ्याने.