कुंपणापाशी उभी राहिलेली वाफ

कुन्नेय मामाच्या गावी आली होती ती फक्त एका फोटोसाठी. शहरातल्या कॅलेंडरवाल्यांना जानेवारीच्या पानावर घोडे पाळणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा हवा होता, आणि तिने आधी पाठवलेले सगळे फोटो त्यांनी नापसंत केले होते. कारण काय, तर चेहऱ्यापुढे वाफ येते. उणे पन्नासच्या थंडीत तोंड उघडल्यावर माणसाच्या पुढे वाफ येणार नाही तर काय येणार? पण उबदार खोलीत बसून फोटो बघणाऱ्यांना हे कोण सांगणार.

सकाळपासून तिची चिडचिड चालली होती. कॅमेरा रात्रभर बाहेरच्या पडवीत ठेवलेला, कारण तो उबेत आणला की काचेवर दव धरतं आणि बाहेर नेला की त्याच दवाचा बर्फ होतो. बॅटऱ्या मात्र काखेत, लोकरीच्या सदऱ्याखाली. तिथून काढल्या की दोन-चार फोटोंतच मान टाकतात. जाड हातमोजा काढला तर बोटं जातात, घातला तर बटण सापडत नाही. या मुलखात जन्मून हा धंदा आपण का पत्करला, असं ती दर हिवाळ्यात स्वतःला विचारायची आणि पुन्हा बाहेर पडायची.

बहिलाय मामा कुंपणापाशी आपल्या घोडीला टेकून उभा होता. आईबाप गेल्यावर त्यानेच कुन्नेयला वाढवलं होतं. तिचं त्याच्यावाचून रक्ताचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तर ती त्याच्यावर एवढी हक्काने चिडायची. दुपार होती. सूर्य डोंगराच्या कडेवर जेमतेम टेकला होता, बाजूला उतारावर नदी गोठून पडली होती आणि वारा अजिबात नव्हता. अशा थंडीत सोडलेला श्वास तिथल्या तिथे गोठतो आणि त्याचा बारीक आवाज होतो, सुपात तांदूळ हलवल्यासारखा. गावात त्याचं कोणाला काही वाटत नाही.

“मामा, तू जरा गप्प राहशील का?”

“गप्प राहिलो तर लोकांना वाटेल, मेलेल्याचा फोटो छापलाय.”

वाफेचा लोट आला. फोटो वाया गेला.

“हसूसुद्धा नकोस.”

“तुझी मामी लग्नापासून हेच सांगत आलीय. जमलंय का मला?”

आणखी एक लोट. कुन्नेयच्या डोक्याची शीर तडकली. “हे बघ, आता श्वासच रोख. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

मामाने शहाण्या मुलासारखी छाती फुगवली. तिने बटण दाबलं आणि नेमकी बॅटरी गेली. शिव्या घालत तिने काखेतली दुसरी काढली. ती बसेना, बोटं लाकडाची झालेली. बसली एकदाची. मग मात्र चेहरा असा स्वच्छ दिसला की ती हरखून गेली. भुवयांवर गोठलेलं पांढरं हिव, गालावरची प्रत्येक सुरकुती. ती फोटो काढत राहिली. पुष्कळ वेळाने तिला भान आलं.

“सोड रे मामा आता,” कॅमेऱ्यात बघतच ती म्हणाली.

“झालं? माझे पाय गेले गं.”

तिने मान वर केली. मामा बोलत होता. घोडीच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती, तिच्या स्वतःच्या तोंडातून निघत होती. मामाच्या ओठांपुढची हवा स्वच्छ होती.

“मामा… श्वास घे ना.”

“घेतोय की. काय कटकट आहे तुझी,” असं म्हणून तो घराकडे चालू लागला.

घरात माप्पा मामीने चहा ओतला. मामा शेगडीला अगदी चिकटून बसला होता. कुन्नेयच्या पापण्यांवरचं हिव केव्हाच विरघळलं. मामाच्या भुवया पांढऱ्याच राहिल्या.

“ऊबच लागत नाहीये गं मला,” तो म्हणाला.

मामीने कुन्नेयला दंडाला धरून दाराशी नेलं. “काय केलंस तू?”

“फोटो काढला. दुसरं काय करणार?”

“श्वास रोखायला लावलास?”

“हो. मग सोड म्हणाले की.”

“त्याच्याकडे बघून म्हणालीस?”

“नाही. कॅमेऱ्यात बघत होते.”

“श्वास बाहेरच राहिलाय त्याचा,” मामी कुजबुजली. “ही टोपी घे त्याची. उलटी धर आणि हाक मार. नाव घेऊन मार, नुसत्या हाकेला कोणीही येतं. आणि येताना मागं बघू नकोस.”

सूर्य डोंगराआड गेला होता. कुंपणापाशी, मामा उभा होता तिथे, माणसाच्या उंचीवर वाफेचा एक लहानसा ढग तसाच थांबला होता. विरत नव्हता, खाली बसत नव्हता. घोडी त्याला हलकेच नाक लावत होती.

भीती वाटली म्हणून कुन्नेय जास्तच चिडली. हे काय वासरू आहे हाका मारायला? तिने टोपी पुढे केली आणि दातांत दात घट्ट धरून पुटपुटली, “चल बाबा. चल आता एकदाचा घरात.”

लगेच पाठ फिरवून ती निघाली. तांदूळ हलवल्यासारखा तो आवाज मागोमाग आला. तो कुंपणाकडून येत नव्हता, गोठलेल्या नदीकडून येत होता. तिला ते कळलं. पण मागे बघायचं नव्हतं, आणि थांबायचा धीर तिच्यात नव्हता.

दार उघडताच थंडीचं धुकं जमिनीवरून लोळत आत गेलं. मामाने मोठ्ठा श्वास घेतला. त्याला ठसका लागला. भुवयांवरचं हिव वितळून पाणी चहात टपटपलं. मामी मटकन खाली बसली आणि रडू लागली. कुन्नेयही रडली. “आयुष्यात परत तुझा फोटो काढणार नाही,” ती म्हणाली.

मामा गरम पेला दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत राहिला. कुठल्याही गोष्टीवर थट्टा करणारा माणूस, पण तो हसला नाही.

“नाव घेतलंस ना गं?” मामीने विचारलं.

कुन्नेयने खिडकीकडे पाहिलं. काचेवर बर्फाचा थर होता, तरी तेवढं दिसत होतं. कुंपणापाशी वाफेचा ढग होता तिथेच होता आणि घोडी अजून त्याला नाक लावत होती.

मामाने पेला खाली ठेवला आणि मामीकडे वळून, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं, अगदी आदबीने तो म्हणाला, “फार उपकार झाले, बाई. मी कधीचा गारठलो होतो. आता तेवढं दार घट्ट लावून घ्या… बाहेर कोणीतरी उभं आहे.”