मेणातला तुकडा

सात महिने तुम्ही मालूबाईला टीबीच्या गोळ्या चारल्यात. खोकला जाईना, वजन उतरत चाललं, तरी गोळ्या चालूच. बाईने जन्मात विडीला हात लावला नाही, मग तिला फुप्फुसाचा कॅन्सर कसा होईल, असा तुमचा तर्क. नीट तपासायला तुम्हाला सवड नव्हती. आणि शेवटी तपासलंत, तेव्हा जे केलंत ते पुढे येईलच. नाव घ्यायची गरज नाही. तुम्ही कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण ही गोष्ट तुमची नाही. ही मालूच्या लेकीची, प्राप्तीची आहे. तुम्ही तिच्यात येता, ते घासात खडा यावा तसे.

त्या गुरुवारी सकाळी ठाण्याच्या कोपरीतल्या एका लॅबच्या काउंटरवर प्राप्तीने थर्माकोलची पेटी ठेवली. पेटीच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं.

काउंटरमागच्या मुलाने मान वाकडी करून पाहिलं. "हलवा की सुरमई?"

"फालतूपणा नको," प्राप्ती म्हणाली. "माझी आई आहे त्यात."

त्याचं हसू जागच्या जागी विझलं. शर्टावर नाव होतं – रवींद्र. त्याने झाकण काढलं. आत कुटलेला बर्फ, बर्फात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत काडेपेटीहून लहान डबी. डबीत मेण, आणि मेणात तांदळाच्या दाण्याएवढा मालूच्या फुप्फुसाचा तुकडा.

"बर्फ घालायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कोळ्याची पोर आहे मी. जिवंत अंगातून निघालेलं काहीही बर्फाशिवाय तासभर टिकत नाही."

"मॅडम, याला बर्फ लागत नाही. मेणातला तुकडा दहा वर्षं टेबलावर ठेवा, तसाच राहतो."

"म्हणजे मी... बिघडवला?"

"नाही," तो म्हणाला. फारच पटकन म्हणाला. हा खरं बोलतोय की समजूत घालतोय, ते प्राप्तीला कळेना. आईला झालेल्या कॅन्सरच्या पेशीत नेमकं कुठलं जनुक बिघडलंय, ते या दाण्यातून शोधायचं होतं. ठरावीक बिघाड सापडला, तर त्याच बिघाडावर चालणारी गोळी, रोज एक. नाही सापडला, तर केमो. कॅन्सरच्या डॉक्टरांनी केमोची तारीखही दिलेली. अकरा दिवसांनी, सोमवारी. तोवर रिपोर्ट आला तर बघू, म्हणाले. चव्वेचाळीस किलोची बाई केमो सोसेल का, असं प्राप्तीने विचारलं, तेव्हा त्यांनी पुढची फाइल उघडली.

रवींद्रने खिशातला रुमाल काढला आणि डबी पुसली. एखाद्या बाळाचा कान पुसावा, इतक्या हलक्या हाताने. मग तो थांबला.

"तुमच्या कागदावर ११७८ आहे."

"मग?"

"डबीवर ११८७."

आतून त्याचे सर ओरडले, "त्यांनी दिलाय तो लाव मशीनला. कल्याणच्या त्या इस्पितळातून रोजचं काम येतं आपल्याला, उगाच कशाला..."

रवींद्रने त्यांच्याकडे पाहिलं, मग प्राप्तीकडे. हेल्मेट उचललं.

"चला."

"कुठे?"

"कल्याणला. तुमची आई आणायला."

कळवा मागे पडलं आणि शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत स्कूटर अडकली. ऑक्टोबरचं ऊन, डिझेलचा धूर, आणि दोघांच्या मध्ये ती थर्माकोलची पेटी.

"पेटी मध्येच ठेवायला पाहिजे का?"

"तुमच्या-माझ्यात काहीतरी पाहिजे ना."

"बर्फ वितळलाय त्यातला."

"वितळू दे. तुम्ही पुढे बघा. आरशात काय बघताय सारखं?"

"मागचा ट्रक."

"ट्रक डावीकडे आहे. आरसा माझ्याकडे वळवलाय तुम्ही."

त्याचे कान लाल झाले. हेल्मेटच्या खालून तेवढेच दिसत होते. प्राप्तीला हसू आलं, आणि लगेच स्वतःचा राग आला. आईचा जीव डबीत अडकलेला, आणि आपण हसतोय.

तुमच्या इस्पितळाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममधल्या माणसाने डबी हातातसुद्धा घेतली नाही. पेटी बघितली फक्त.

"बर्फात ठेवलेलात ना? मग आकडे जाणारच. सात-आठ पुसट झाले असतील. चूक तुमची आहे, ताई."

प्राप्तीला ते पटलं – तेच वाईट होतं. आपण आपल्याच हाताने आईला... मासळीसारखं...

रवींद्रने टेबलावरचा पाण्याचा पेला ओढला. डबी त्यात टाकली. अंगठ्याने आकडे खसाखसा चोळले, बाहेर काढली, माणसाच्या नाकासमोर धरली.

"वाचा."

"अरे, पिण्याचं पाणी होतं ते."

"आता पुरावा आहे तो. वाचा."

"अकराशे... सत्त्याऐंशी."

"स्पिरिटने जात नाहीत हे आकडे. हिच्या बर्फाने जातील? खण उघडा."

*हिच्या.* मघापर्यंत 'तुमच्या' होतं. प्राप्तीने ते तेव्हाच टिपून ठेवलं.

११८७ च्या खणात ११७८ निघाली. रवींद्रने ती उजेडात धरून निरखली. रजिस्टरमध्ये त्याने काहीतरी पाहिलं. मग प्राप्तीकडून कागदावर सही करवून घेतली आणि बाहेर फाटकापाशी आल्यावरच बोलला.

"मेणाचे काप काढलेत यातून. आपण येण्याआधीच कुणीतरी हा तपासलाय. तीन आठवड्यांपूर्वी, ११८७ म्हणून."

"म्हणजे आईचा रिपोर्ट..."

"कधीच आलाय. दुसऱ्याच्या फाइलमध्ये."

ती उलट्या पावली रिपोर्टच्या खिडकीवर गेली. खिडकीतून उत्तर आलं – दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट दाखवता येत नाही, गुप्ततेचा नियम आहे. नियम तुम्हाला बरोबर वेळेवर आठवतो.

"उरलेला तुकडा पुरेल?" तिने विचारलं.

"पुरला पाहिजे," तो म्हणाला. या वेळी पटकन नाही म्हणाला.

मग वाट बघणं. रोज दुपारी दोनला फोन.

"रिपोर्ट?"

"नाही आला."

"मग फोन कशाला केलास?"

"नाही आला, हे सांगायला."

"मेसेज करता येतो."

"मेसेजात आवाज नसतो."

"कुणाचा?"

"...रिपोर्टचा."

पाचव्या दिवशी तो घरीच आला. डॉक्टरांचं एक पत्र हवं होतं म्हणे. ते फोटो काढूनही पाठवता आलं असतं. मालू उशांना टेकून बसलेली, दोन शब्दांमागे एक श्वास.

"कुनाचा रं तू?"

"कल्याणच्या भीमाबाईंचा. बुद्धविहाराच्या मागे घर आहे आमचं."

दारात उभी असलेली शेजारीण, तुळसा, हे ऐकून उगाचच खाकरली. मालूने तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या छातीत काय हाय... ते यो शोधतंय. याची जात शोधाया... मला दम नाय. तुला असंल तर शोध." मग रवींद्रला, "बोंबील खातोस?"

"काटे काढता येत नाहीत."

"पोरगी शिकवंल."

प्राप्ती आत निघून गेली. सुक्या बोंबलांचा डबा उघडायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

सहावा दिवस, सातवा. आठव्या दिवशी मालूच्या रुमालावर रक्त आलं. दोनला फोन आला. तीन मिनिटं दोघं नुसते एकमेकांचा श्वास ऐकत राहिले.

शनिवारी दोनला फोन वाजलाच नाही.

अडीच वाजता ती घरामागच्या खाडीवर गेली. जाळी वाळत पडलेली. आणि पालथ्या घातलेल्या होडीजवळ तो उभा – हातात लिफाफा.

"फोन का नाही केलास?"

"आज सांगायला काहीतरी होतं. बिघाड सापडलाय, प्राप्ती. गोळी आहे त्यावर."

ती होडीला टेकून खाली बसली. म्हणाली, "बरी होईल?"

"पूर्ण बरी... तसं नाही सांगू शकत. पण आवरेल. वर्ष, दोन वर्षं, जास्तही. श्वास परत येईल."

तिने डोळे ओढणीने पुसले. "मग झालं. रिपोर्ट आला. आता उद्यापासून फोनला काय कारण काढशील?"

तो हसला नाही. "अजून एक रिपोर्ट राहिलाय. ११८७ चा. तुझ्या आईचा रिपोर्ट त्या माणसाच्या फाइलला आहे, म्हणजे तिची गोळी तो घेत असणार. त्याचा खरा तुकडा अजून कुणी तपासलेलाच नाही."

नऊ दिवसांत प्राप्तीला तो माणूस एकदाही आठवला नव्हता. तिची तिलाच शरम वाटली.

"त्याला कळवा, त्याचा तुकडा तपासा, असा इस्पितळाला अर्ज लिहिलाय मी. सर म्हणतात, दिलास तर नोकरी विसर."

"दे. खाली माझंही नाव घाल."

"आपली नावं शेजारी-शेजारी आली तर लोक बोलतील."

"बोलू देत. लग्न करशील माझ्याशी? आत्ता सांग, रवी. वाट बघायला लावणाऱ्यांचा वीट आलाय मला."

त्याने लिफाफा होडीवर ठेवला. खाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"हो. नऊ दिवसांपूर्वीच हो होतं. तुझ्या फाइलला लावायचं राहिलेलं."

दोघांनी त्या होडीवरच अर्जावर सह्या केल्या. लग्नपत्रिकेच्या आधी त्यांची नावं जिथे शेजारी आली, तो कागद तुमच्याकडे आहे.

सोमवारी डॉक्टरांनी केमोवर काट मारून गोळी लिहिली. तिसऱ्या आठवड्यात मालूने बोंबील पळवणाऱ्या मांजराला एका श्वासात तीन शिव्या दिल्या, आणि प्राप्ती चुलीपाशी रडली. रवींद्रची नोकरी गेली. आता तो डोंबिवलीच्या दुसऱ्या लॅबमध्ये आहे, आणि अजून दोनला फोन करतो.

प्राप्तीच्या प्रश्नाला 'हो' म्हणायला त्याला अर्धं मिनिट लागलं. तुमचा शिक्का बसलेला त्यांचा अर्ज एक्केचाळीस दिवस तुमच्याकडे पडून आहे.

११८७ हा नुसता नंबर नाही, माणूस आहे. तो कोण? त्याला कुणी कळवलं का? रोज सकाळी दुसऱ्याची गोळी गिळणारा तो माणूस आज जिवंत आहे की नाही?

सांगा.